अर्ज म्हणजे विनवणी नव्हे

निवडणुकीतील उमेदवारी अर्जांची छाननी ज्या कार्यकर्त्याने एकदा तरी जवळून पाहिली आहे, त्याला कागदाचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागत नाही. शपथपत्रातील एक रकाना कोरा राहिला, सूचकाचा मतदारयादीतील क्रमांक चुकला, एक स्वाक्षरी सुटली, की वर्षभराची मेहनत दहा मिनिटांत मातीमोल होते. म्हणून पक्ष वकील बसवतो, अर्जाच्या दोन-दोन प्रती तयार ठेवतो, अनुभवी माणसाकडून ओळ न ओळ वाचून घेतो. त्याच कार्यकर्त्याच्या घरचा मुलगा मात्र आपल्या नोकरीचा अर्ज ठाणा पेट्रोलपंपाच्या नाक्यावर, एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात, अखेरच्या तारखेच्या संध्याकाळी, दुकानदार सांगेल तसा भरतो. कारखान्यात शिकणारा उमेदवार, नोकरी मागणारा उमेदवार आणि मते मागणारा तोही उमेदवारच. मराठीने तिघांना एकच शब्द दिला. पक्षाने आजवर काळजी वाहिली ती त्यांपैकी एकाचीच.

भंडारा जिल्ह्यात तरी हा विसर शोभणारा नाही. १९५४ साली येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि त्याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. त्या निकालातील अभिमान आणि त्यातील शल्य, दोन्ही या जिल्ह्याने वागवली आहेत. पुढे १९६०च्या दशकात नागपूर-भंडारा रस्त्यालगत स्फोटके आणि प्रणोदके बनविणारी आयुध निर्माणी उभी राहिली, तिच्याभोवती जवाहरनगरची वसाहत वसली आणि धानाच्या बांधीत राबणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, कोशा विणणाऱ्या कुटुंबांना प्रथमच एक गोष्ट ठाऊक झाली: महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारा पगार आणि म्हातारपणी मिळणारे निवृत्तिवेतन. साहुली, खरबी, परसोडीसारख्या आसपासच्या गावांतील मुलाची सरकारी नोकरीची कल्पना आजही प्रथम त्या फाटकाशीच जाऊन थांबते.

फाटक तेच आहे, पण आतली व्यवस्था बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून देशातील ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटण्यात आल्या. भंडाऱ्याची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. जुने कामगार प्रतिनियुक्तीवर समजले गेले. नव्या भरतीचे स्वरूप मात्र गेल्या काही वर्षांतील जाहिरातींवरून स्पष्ट दिसते. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’, म्हणजे ज्या इमारतीत प्रत्यक्ष स्फोटके हाताळली जातात तेथील कामगार, आता मुदतीच्या कंत्राटावर घेतले जातात. प्रथम एक वर्ष, मग वाढवत वाढवत एकूण चार वर्षांपर्यंत. पात्रता अशी की, रासायनिक संयंत्र चालकाचा, म्हणजेच पोरे ज्याला ‘एओसीपी’ म्हणतात तो, शिक्षणक्रम पूर्ण केलेला असावा. निर्माणीतच शिकाऊ उमेदवारी केली असेल तर तो मुख्य दावेदार. निवडीसाठी राष्ट्रीय परीक्षेतील गुण आणि प्रत्यक्ष कामाची चाचणी. काम कायमचे, धोका कायमचा, कामगार तेवढा तात्पुरता!

तो धोका काय असतो हे जवाहरनगरला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. २७ जानेवारी २०२४ रोजी याच निर्माणीतील स्फोटात एक कामगार दगावला. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी झालेल्या स्फोटाने इमारतीचे छत कोसळले आणि किमान आठ जण मरण पावले. त्यांत विशीतला तरुणही होता. त्या स्फोटाच्या कारणांचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण अर्ज भरावयास बसलेल्या मुलाच्या आईच्या मनात तो दिवस असतो, आणि तरीही ती परीक्षेच्या शुल्काचे पैसे पदराच्या गाठीतून सोडून देते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या विषयावर बोलण्याचा कोणाला अधिकार नाही.

तेव्हा अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बोलावे, असल्या गोष्टी समाजवादी कार्यकर्त्याने शिकवाव्यात काय? पक्षाच्या अभ्यासवर्गांत या प्रश्नाला आजवर नाकच मुरडले गेले. त्यामागील आक्षेप हलका नाही. जागा शंभर आणि अर्जदार हजारो असतील, तर एका मुलाला तयार करून पुढे ढकलणे म्हणजे दुसऱ्याला मागे ढकलणेच. रांग लहान होत नाही, फक्त क्रम बदलतो. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि खुल्या वर्गातील प्रत्येकाकडून एक हजार रुपये, मागासवर्गीयांकडून नऊशे रुपये घेण्यात आले. अशा वेळी ‘स्वतःला घडवा, व्यक्तिमत्त्व फुलवा’ असा उपदेश करणारे शिबिरबहाद्दर बेकारीचा दोष बेकाराच्याच माथी मारतात. घटनेच्या ४१व्या कलमाने राज्याला सांगितलेला कामाचा हक्क, महाराष्ट्राने दुष्काळातून शिकून कायद्यात उतरवलेली रोजगार हमी, हे सारे विसरून टायची गाठ कशी मारावी यावर तास घ्यायचा, ही थट्टाच होय. पुन्हा त्या तासाचेही शुल्क असतेच.

हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. रांगेत सगळे सारखे उभे असते, तर तो पुरा ठरला असता. पण ज्याच्या घरात दोन पिढ्या कचेरीत गेल्या, त्याला अर्ज कसा वाचावा हे जेवताना कळते. ज्याच्या घरात कोणी गेले नाही, त्याला ते नाकारले गेल्यावर कळते. पहिल्याला तयारीची शिकवणी घरातच फुकट मिळालेली असते आणि तिलाच पुढे ‘गुणवत्ता’ हे नाव पडते. ही शिकवणी दुसऱ्यालाही उपलब्ध करून देणे म्हणजे रांग मोडणे नव्हे. रांगेत आधीपासून झालेली घुसखोरी दूर करणे होय. एस. एम. जोशींनी संरक्षण कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व केले, ते कामगार फाटकाच्या आत असताना. आज फाटकाच्या बाहेर थांबलेला तरुण कोणत्याच संघटनेच्या नोंदवहीत नाही.

आता प्रत्यक्ष कागदाकडे वळावे. अर्ज नामंजूर होण्याची कारणे बहुधा फार क्षुद्र असतात आणि क्षुद्र असतात म्हणूनच ती चुकवता येतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव एक आणि आधारपत्रावर दुसरे. मुलीच्या बाबतीत माहेरचे आडनाव प्रमाणपत्रांवर, सासरचे इतरत्र. ही तफावत जाहिरात निघाल्यावर दुरुस्त करू म्हटले, तर मुदत टळते. ती आजच, कोणतीही जाहिरात नसताना दुरुस्त करावयाची असते. दुसरा खड्डा जातीच्या दाखल्यांचा. राज्य सरकारच्या नमुन्यातील उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला केंद्राच्या भरतीत चालत नाही. केंद्राचा नमुना निराळा आहे. वैनगंगेकाठचा ढिवर समाजातील मुलगा राज्यात भटक्या जमातींत गणला जातो. केंद्राच्या भरतीत तो प्रवर्गच नाही, तेथे त्याने इतर मागासवर्गीय म्हणून अर्ज करावयाचा असतो. हे न कळल्यामुळे तो चुकीचा रकाना भरतो, किंवा काहीच न भरता खुल्या वर्गात जाऊन पडतो. हक्क कायद्यात शाबूत असतो, पण एका रकान्याने तो गेलेला असतो.

निर्माणीच्या कंत्राटी भरतीचे अर्ज बहुधा टपालाने मागविले जातात. पाकिटावर पदाचे नाव लिहावयाचे असते, प्रतींवर स्वतः साक्षांकन करावयाचे असते आणि अर्ज अखेरच्या तारखेपर्यंत पोहोचला पाहिजे अशी अट असेल तर त्या दिवशी टपालात टाकून भागत नाही. पोस्टाची पावती आणि संपूर्ण अर्जाची एक प्रत घरी राहिली पाहिजे. ज्याच्याजवळ प्रत नाही, तो पुढे अपील कशाच्या आधारे करणार? गावातील पतसंस्थेचा व्यवहार चोख ठेवणारी माणसेही येथे ढिलाई करतात, याचे नवल वाटते.

पण अर्जातील सर्वांत मोठी उणीव दाखल्यांची नसतेच. ती ‘अनुभव’ या रकान्यात असते. तेथे मुलगा लिहितो: ‘एक वर्ष शिकाऊ उमेदवारी’. बस्स! त्या वर्षात त्याने काय केले? झडपा आणि पंप हाताळले, दाबमापक व तापमापक यांची तासातासाला नोंद ठेवली, मिश्रणाचे वजन घेतले, पाळी बदलताना पुढच्या माणसाला यंत्राची स्थिती समजावून सांगितली. हे लिहावयाचे त्याच्या मनातही येत नाही, कारण जे हातांनी केले ते ‘ज्ञान’ होय असे त्याला कोणी कधी म्हटलेले नाही. श्रमाला हलके लेखणारी समाजरचना अखेर श्रमिकाच्या स्वतःच्या लेखणीत येऊन बसते, ती अशी. कार्यकर्त्याने त्याच्यासमोर कोरा कागद ठेवावा आणि एवढेच विचारावे: सकाळी पाळीवर गेल्यापासून सुटेपर्यंत तू काय करत होतास, क्रमाने सांग. त्या उत्तरातून चांगला अर्ज तयार होतो. खोटे एक अक्षर घालावे लागत नाही. घालूही नये, कारण प्रत्यक्ष चाचणीत ते उघडे पडते आणि धोक्याच्या इमारतीत तर खोट्या अनुभवाची किंमत शेजारच्या माणसाला मोजावी लागते.

चाचणीलाही हेच लागू आहे. स्फोटकांच्या इमारतीबाहेर फलक असतो: आत एकावेळी किती माणसे आणि किती माल. पोरे त्याला ‘मॅन लिमिट’ म्हणतात. ही मर्यादा का असते? काडेपेटी बाहेर का ठेवावी लागते, ठिणगी न पाडणाऱ्या धातूची अवजारे का, अंगातील स्थिरविद्युत जमिनीत उतरविणारे बूट का, कोणत्या आगीवर पाणी मारावे आणि कोणत्या आगीवर मुळीच मारू नये? निर्माणीत वर्ष काढलेल्या मुलाला ‘काय करावे’ हे ठाऊक असते. परीक्षक ‘का’ विचारतो तेव्हा तो अडखळतो. हा ‘का’ शिकविण्यास शिबिरबहाद्दर लागत नाही. जवाहरनगरात, भंडाऱ्यात, तुमसरात निवृत्त कामगार घरोघर आहेत. तीस-पस्तीस वर्षे त्या इमारतींत काढून धडधाकट बाहेर आलेली ही माणसे या विषयातील खरी प्राध्यापक मंडळी होत. त्यांच्यापैकी एकाला आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलावणे हे कोणत्याही शाखेच्या आवाक्यातील काम आहे.

मुलाखतीची गोष्ट थोडी निराळी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. निर्णय कोणत्या सरकारचा हे बाजूला ठेवून त्याचे स्वागतच केले पाहिजे, कारण वशिल्याला सर्वांत सोयीची जागा तीच होती. सर्वोच्च न्यायालयापुढे अजय हसिया यांचा खटला आला तेव्हा श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला ठेवलेले होते आणि ती परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकली जात असल्याची तक्रार होती. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हे मनमानी होय, असे न्यायालयाने ठरविले. लोकसेवा आयोगाच्या वरिष्ठ पदांना मुलाखत आजही आहे. आणि सरकारी दारातून हद्दपार झालेली मुलाखत खाजगी दारात ठाण मांडून बसली आहे: वरठीचा पोलाद कारखाना असो, गडेगावचा मोटारगाड्यांचा कारखाना असो, की बुटीबोरी-हिंगण्याच्या वसाहती, तेथे अर्जदाराला सामोरे जावे लागते ते व्यवस्थापकाला, नाहीतर कंत्राटदाराच्या माणसाला.

तेथे काय घडते याचा पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखीच, नावे तेवढी निरनिराळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जदाराला एक-तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खाजगी कंपन्यांतील भरती-अधिकाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या. गुणवत्तेखेरीज काही पाहत नाही असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराला त्याच्या घराण्याची पार्श्वभूमी विचारणे अत्यावश्यक मानत होते. ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न वरवर घरगुती आहे. तो ज्याच्या वडिलांनी बांधीत रोवणी केली त्याला खाली मान घालायला लावतो, यातच त्याचे काम साधते. या प्रश्नाचे उत्तर मान वर ठेवून, एका वाक्यात देण्याचा सराव करून घेतला पाहिजे: वडील धानाची शेती करतात, त्या घरातून मी हे प्रशिक्षण पूर्ण केले आहे, आणि कामाविषयी आपण विचाराल ते सांगतो. सरावाने भेदभाव मिटत नाही. पण भेदभाव करणाऱ्याला ‘पोरगा बोललाच नाही’ ही सबब उरत नाही.

बोलण्याविषयी आणखी एक. झाडीपट्टीतील पोरे मुकी आहेत असे कोण म्हणेल? दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके आणि दंडारी रंगतात. त्यांत तीन-तीन पानांची भाषणे तोंडपाठ म्हणणारा तरुण तीन अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर ‘हो सर’, ‘नाही सर’ यापलीकडे जात नाही. त्याला भीती बोलण्याची नसते, आपल्या बोलीची असते. झाडीबोली ही चूक आहे असे शाळेने त्याला लहानपणीच शिकविलेले असते. त्याच्या तोंडी पुणेरी मराठी बसवीत बसण्यात काही हशील नाही. सावकाश, पुरे वाक्य आणि नेमका शब्द, एवढे साधले की बोली आड येत नाही. इंग्रजीत विचारलेला प्रश्न कळला नाही तर तो हिंदीत किंवा मराठीत पुन्हा विचारण्याची विनंती करणे हा कमीपणा नव्हे, हेही त्याला कोणीतरी सांगावे लागते.

राहिला तो चार वर्षांचा प्रश्न, आणि तो सर्वांत बिकट आहे. ज्या नोकरीच्या मुदतवाढीसाठी दरवर्षी वरिष्ठाच्या मर्जीकडे पाहावे लागते, त्या नोकरीतला कामगार ‘आज येथे माल मर्यादेपेक्षा अधिक आहे’ असे म्हणू शकेल काय? म्हणेलही एखादा. पण व्यवस्था एखाद्याच्या धैर्यावर उभी करावयाची नसते. म्हणून धोक्याच्या इमारतीत मुदतीचे कंत्राट असता कामा नये, ही मागणी पगाराची नसून सुरक्षिततेची आहे. ती मिळेपर्यंत मुलांनी अर्ज करू नयेत, असे सांगण्याचा हक्क मात्र ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्याला नाही. अर्ज करावा, निवड व्हावी, आणि पहिल्या दिवसापासून त्या मुलाचे नाव कामगार संघटनेच्या यादीत असावे. नियुक्तिपत्र हाती येताच मुदत, विमा, नुकसानभरपाई आणि चार वर्षांनंतरचे स्थान यांविषयीची कलमे कार्यकर्त्याने त्याच्यासोबत बसून वाचावीत. स्वाक्षरीनंतर नव्हे, आधी.

शिकाऊ उमेदवारांना कायदाही अर्धवटच साथ देतो. १९६१च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे असे ठरविले आणि त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर घातले नाही. २०१४च्या दुरुस्तीने शिकाऊंच्या भरतीविषयीचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतःच ठरवावे, एवढेच म्हटले. मात्र १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, इतर सर्व बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला बाहेरच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने शिकून गेलेल्यांची ज्येष्ठतेनुसार यादी ठेवावी. ती यादी आहे काय, अद्ययावत आहे काय, हे २००५च्या माहितीच्या अधिकारात विचारण्यास दहा रुपये लागतात. निवड न झालेल्या मुलाचे स्वतःचे गुण आणि निवडलेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण, हेही त्याच मार्गाने मागता येतात. राज्य सरकारने २०२४ साली आणलेल्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला सहा हजार, आयटीआयवाल्याला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. आधी सहा महिने आणि मग मुदत वाढवून अकरा. बाराव्या महिन्यात काय, याचे उत्तर योजनेत नव्हते. त्या मुलांनीही आपण केलेल्या कामाची लेखी प्रमाणपत्रे, कामाच्या तपशिलासह, मागून घेतली पाहिजेत.

जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने एक टेबल, एक जुना संगणक आणि एक नोंदवही एवढ्यावर हे काम सुरू करता येईल. नोंदवहीत रकाने चारच असावेत: कोणी, कोठे, कोणत्या पदासाठी अर्ज केला, आणि नामंजूर झाला असल्यास कारण काय कळविले. सहा महिन्यांनी तो चौथा रकाना उघडून पाहिला म्हणजे त्यातील किती कारणे दाखल्यांची होती आणि किती कारणे कळविलीच गेली नाहीत, याचा हिशेब हाती येईल. आणि तो हिशेब घेऊन निर्माणीच्या फाटकाशी व जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात जाणाऱ्या शिष्टमंडळात या वेळी नेत्यांच्या मागे नव्हे, नेत्यांच्या पुढे, ज्यांचे अर्ज परत आले ती मुले असावीत.